दुःखाच्या घरी गेल्यावर बोलायचं काय? (मंडळीतल्यांनी सांगा, बाकीच्यांनीही सांगा)

रूथ_अंबाजोगाई

जय ख्रिस्त, नमस्कार. बरेच महिने नुसती वाचत होते, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. यंदा सप्टेंबरात (२०२५) मांजरा नदीच्या काठाला पुरानं काय झालं ते इथं कुणाला सांगायला नको. उभं सोयाबीन पाण्यात गेलं, काहींची तर जमीनच खरडून गेली, खाली नुसता मुरूम. माझ्या वर्गातल्या एका पोराच्या वडिलांनी दिवाळीच्या तोंडावर जीव दिला. केज तालुक्यातलं गाव आहे, नाव लिहीत नाही.

आमच्या मंडळीनं, म्हणजे चर्चच्या लोकांनी, मदतीचे किट जमवले होते. ते घेऊन पाळक (चर्चचे धर्मगुरू), मी आणि महिला मंडळातल्या दोघी असे त्यांच्या घरी गेलो. सतरंजीवर बसलो, चहा आला, पाळकांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. त्यात "प्रभू, तुझी योजना आम्हांला कळत नाही पण ती चांगलीच असते" असं एक वाक्य आलं. मी डोळे किलकिले करून बघितलं तर पोराची आई उठून गोठ्याकडं चालली होती. गोठ्यात काहीच नव्हतं हो, म्हैस पुरात गेलेली. ती त्या रिकाम्या दावणीला धरून उभी राहिली, आमेन होईपर्यंत तिथंच. मग सासू म्हणाली, "काय द्यायचं आसंल ते द्या बाई आन् जावा, सकाळधरनं चार गाड्या झाल्या."

पाळकांच्या मनात वाईट नव्हतं हे मला माहिती आहे, येताना गाडीत तेही गप्पच होते. पण मला त्या घरी परत जायचंय, पोरगं रोज समोर बसतं माझ्या. प्रश्न एवढाच आहे की जाऊन बोलायचं काय? प्रार्थना करायची का नाही? तुम्ही काय करता?

बिनधास्त_बाळू

चार गाड्या म्हणजे कमीच की ताई. आमच्या गावात तेलाच्या एका पुड्याला फोटोसाठी अकरा हात लागले होते. पुडा एक लिटरचा.

परळीचा_टाळकरी

ताई मी माळकरी आहे, तुमच्या मंडळीतला नाही, तरी लिहितो. हे फक्त तुमच्यातच होतं असं समजू नका. आमच्यात "ज्याचं त्याचं प्रारब्ध" म्हणणारे मोप आहेत. माझ्या चुलतभावाच्या तेराव्याला एका महाराजांनी दीड तास प्रवचन केलं, आत्मा अमर आहे यावर, आणि माझी भावजय आतल्या खोलीत लेकराच्या शाळेच्या फीचा हिशोब करत बसली होती. मी स्वतः बघितलंय.

आपल्याकडं जुन्या लोकांनी एक बरं करून ठेवलंय, कडू घास. ज्या घरची माती झाली तिथं चूल पेटत नाही, भावकीतले शेजारचे भाकरी-पिठलं करून घेऊन जातात, ताटापुढं बसवतात आणि "घास खा" एवढंच म्हणतात. दुसरं काही बोलायचं नसतंच. आम्ही मात्र आता माईक आणला त्यात.

उदगीरची_पोरगी

+१ कडू घासाला. माझी आजी तर स्वतः ताटात हात घालून पहिला घास भरवायची, मग समोरचा माणूस कितीका मोठा असंना.

सुवार्ता_नांदेड

रूथताई, तुमच्या पाळकांची बाजू कुणीच घेईना म्हणून मी घेतो. किट तर सरकारही देतं, पक्षवालेही देतात, मग मंडळी आणि त्यांच्यात फरक काय राहिला? आपल्याकडं आशा आहे, पुनरुत्थान आहे, ते सांगायचं नाही तर मग चर्चला जायचं कशाला? औषध खिशात असून रोग्याला न देणं याला मी प्रेम म्हणत नाही. त्या बाईला आज राग आला आसंल, उद्या त्याच वाक्यानं तिला धीर येईल. बियाणं टाकणं आपलं काम, उगवणं आपल्या हातात नाही.

आणि स्पष्ट बोलतो, माझ्या बापानं दारू सोडली ती एका अनोळखी माणसानं अशाच वेळी येऊन प्रार्थना केली म्हणून. तो लाजला असता तर मी आज हे टाइप करत नसतो.

नास्तिक_नाना

नांदेडकर, तुमच्या वडिलांचा आनंदच आहे. पण माणूस बुडत असताना त्याला दोरी टाकायची आणि वर ओढताना विचारायचं की बाबा आमच्यात येतो का, याला आमच्याकडं वेगळा शब्द आहे. लिहीत नाही, नियंत्रक उडवतील.

सुवार्ता_नांदेड

मी कुठं म्हणलो की आमच्यात या? प्रार्थना केली म्हणजे बाटवलं असं होतं का? तुम्ही लोक सगळ्याला तेच लेबल लावू लाले.

जुनं_जालना

भांडू नका, हे भांडण सव्वाशे वर्षं जुनं आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं, पुढं ते पुण्याला नेलं. विधवांसाठी होतं आणि धर्माची सक्ती नाही असं ठरलेलं. न्या. रानडे, भांडारकर असे लोक सल्लागार मंडळात होते. पण बाई स्वतःच्या खोलीचं दार उघडं ठेवून प्रार्थना करायच्या, काही मुली जाऊन बसायला लागल्या, बोंब झाली आणि १८९३ ला ही मोठी मंडळी बाजूला झाली. म्हणजे नुसतं दार उघडं ठेवावं का लोटावं यावर एवढं झालं. त्याच बाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास बायकापोरी केडगावला घेऊन आल्या. तेव्हा दार कुणाचं आणि प्रार्थना कुणाची हे विचारायला फारसं कुणी पुढं आलं नाही.

आमच्या जालन्याचंच घ्या. नारायण शेषाद्री म्हणून ब्राह्मण घरातला माणूस, स्कॉटिश मिशनचा पाळक झाला, सालारजंगानं दिलेल्या जमिनीवर जालन्याजवळ बेथेल गाव वसवलं, त्यात मातंग समाजातले लोक बरेच. निजामाच्या राज्यात, मुसलमान दिवाणानं दिलेल्या जमिनीवर, ब्राह्मणाचा झालेला ख्रिस्ती मातंगांसाठी गाव वसवतो, आज कुणी असं सिनेमात दाखवलं तर आपण म्हणू काहीही दाखवतात.

बिनधास्त_बाळू

जुनं जालना आले म्हणजे धागा निजामात जाणार हे ठरलेलंच असतं 😀 मागं ज्वारीच्या भावाच्या धाग्यात पण सालारजंग आणला होता यांनी.

जुनं_जालना

ज्वारीचा आणि सालारजंगाचा संबंध आहेच, वेगळा धागा काढा, सांगतो.

पाटोदा_आशा

ताई मी आशा वर्कर आहे मला लिहायला जमत नाही तसं पण तुमचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते चुका समजून घ्या. आम्हांला प्रेरणा प्रकल्पात म्हणजे शेतकऱ्यांनी जीव देऊ नये म्हणून सरकारचं जे आहे त्यात घरोघर जाऊन विचारायचं असतं झोप येते का जेवण जातं का मनात काही वाईट येतं का, पहिल्या वर्षी मी कागद काढून विचारायचे तर बाया म्हणायच्या झोप येती जेवण जातं सगळं बरं हाय, मग मी कागद घरीच ठेवायला लागले, जायचं आणि तिचं जे काम चाललंय त्याला हात लावायचा, लसूण सोलत असली तर लसूण, गोधडी शिवत असली तर सुई ओवून द्यायची, अर्ध्या पाऊण तासानं ती आपोआप बोलते आणि बोलायला लागली की मग मान वर करायची नाही, लसूण सोलतच राहायचं, मान वर केली की ती गप्प होते. हे कुठल्या ट्रेनिंगला सांगितलं नव्हतं.

आणि दुसरं म्हणजे असं घर असंल तर कागदं बघा ताई. शेतकऱ्यानं जीव दिला तर एक लाख मिळतात त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेव म्हणून, पण जिल्ह्याच्या समितीत पात्र व्हावं लागतं आणि सातबारा कर्जाचा दाखला पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट सगळं लागतं, कितीतरी घरं कागदावाचून अपात्र होतात. तिच्या नवऱ्याच्या नावावर शेत होतं का सासऱ्याच्या ते आधी विचारा, सासऱ्याच्या असंल तर लई भांडण पडतं. आणि तिच्याकडं लक्ष ठेवा, पोराकडं पण. तिला आत काही होत असंल तर १४४१६ ला फोन करा, टेलिमानस, पैसे लागत नाहीत मराठीत बोलतात.

उदगीरची_पोरगी

"मान वर करायची नाही, लसूण सोलतच राहायचं." आशाताई, तुम्ही म्हणे लिहायला जमत नाही 🙏

डॉक्टर_शेवगा

आशाताईंचं वाचून जामखेड आठवलं. जामखेड नगर जिल्ह्यात आहे, पण आष्टी-पाटोद्याची माणसं दवाखान्याला तिथंच जातात म्हणून मी ते आपलंच धरतो. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे १९७० ला तिथं आले, दोघं वेल्लोरला शिकलेले आणि पक्के ख्रिस्ती. आले ते रोग बरे करायला, पण लोक म्हणाले आम्हांला आधी खायला आणि पाणी पाहिजे. मग बहात्तरचा दुष्काळ पडला. त्यांनी बोअर घ्यायला सुरुवात केली ती दलित वस्तीत, म्हणजे गावातल्या सगळ्या जातींना पाण्यासाठी तिथं यावं लागलं. भाषण नाही काही नाही, फक्त बोअरची जागा. नंतर गावातल्याच बायका, बऱ्याच निरक्षर, शिकवून आरोग्यसेविका केल्या. १९७९ ला दोघांना मॅगसेसे मिळालं.

मी विद्यार्थी असताना एकदा तिथं गेलो होतो. एक सेविका साठीची असेल, ती मला बाळंतपणातले धोके सांगत होती आणि मी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला होतो, मला त्यातला एक माहीत नव्हता. कुठला ते विचारू नका.

बिनधास्त_बाळू

कुठला?

डॉक्टर_शेवगा

बाळू, गप.

नास्तिक_नाना

आरोळ्यांबद्दल मलाही आदर आहे. तेच तर म्हणतोय, बोअर घ्या ना, प्रार्थना कशाला.

डॉक्टर_शेवगा

नाना, तिथल्या लोकांना विचारलं तर ते म्हणतील की त्यांची दिवसाची सुरुवातच प्रार्थनेनं व्हायची. तुम्हांला बोअर दिसतो, त्यांना दोन्ही एकच वाटायचं. आपण बाहेरून बघणारे वाटणी करतो.

किल्लारीची_मी

रात्री दोनदा लिहून खोडलं, आता पाठवते.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन, किल्लारीचा भूकंप. मी नऊ वर्षांची होते. आदल्या रात्री गणपती बोळवले होते, माणसं उशिरा झोपलेली. आमचं माळवदाचं घर होतं, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, दगड-मातीच्या रुंद भिंती, वर लाकडाचं छत आणि त्यावर हातभर माती. उन्हाळ्यात गार असतं म्हणून सगळ्यांना अभिमान. तीच माती अंगावर आली. मी आणि धाकटा भाऊ दुपारी निघालो बाहेर, बाकीचे नाही निघाले. दहा हजाराच्या जवळपास माणसं गेली म्हणतात सगळी मिळून, मला आमच्या घरातली पाच माहीत आहेत.

मग लोक आले. इतके आले की काय सांगू. जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडलेले, पावसात भिजून वास मारायचे, त्यात मला एकदा सुटाबुटातला कोट सापडला होता, भाऊ तो घालून पत्र्याच्या शेडमधून फिरायचा. मोठमोठे लोक यायचे, डोक्यावर हात ठेवायचे. माझ्या डोक्यावर किती हात ठेवले गेले त्याला गणती नाही.

त्यात एक सिस्टर होत्या, मिशनच्या कुठल्यातरी दवाखान्यातून आलेल्या, नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. माझ्या केसांत माती घट्ट बसली होती, पार मुळाशी, चिखल होऊन वाळलेला. सगळे म्हणत होते काढून टाका केस, उवा होतील. या बाई रोज सकाळी यायच्या, खोबरेल लावायच्या आणि लाकडी फणीनं एकेक बट सोडवायच्या. दुखलं की थांबायच्या. पहिले आठ-दहा दिवस मी एक शब्द बोलले नाही, त्यांनीही विचारलं नाही. त्या काहीतरी गुणगुणायच्या, चाल अभंगासारखी पण शब्द वेगळे, नंतर कळलं की ते त्यांच्यातलं भजन होतं. जवळजवळ महिनाभर चाललं ते. ज्या दिवशी फणी वरून खालपर्यंत न अडकता गेली त्या दिवशी मी रडले, तोपर्यंत रडलेच नव्हते. त्यांनी मला रडू दिलं आणि वेणी घालत राहिल्या.

मी आजही हिंदूच आहे, मंगळवार करते. त्यांनी मला कधी चर्चला ये म्हणलं नाही आणि मी कधी गेले नाही. पण सुवार्ता_नांदेड यांनी विचारलं ना, फरक काय राहिला म्हणून. मला तरी फरक कळला होता.

परळीचा_टाळकरी

माउली.

उदगीरची_पोरगी

मी बसमध्ये आहे आणि लोक बघू लालेत मला. नंतर लिहिते.

सुवार्ता_नांदेड

ताई, तुमच्यापुढं मी काही बोलणार नाही. फक्त एवढं की त्या सिस्टर ते भजन मनातल्या मनात नव्हत्या म्हणत, तुम्हांला ऐकू येत होतं. मला त्यातच माझं उत्तर दिसतं. नानांना वेगळं दिसेल.

नास्तिक_नाना

नाही, या वेळी नाही दिसत. 🙏

लातूरचा_पाळक

धागा पोरीनं दाखवला, म्हणाली पप्पा तुमच्याबद्दलच आहे. माझ्याबद्दल नाही, पण असायला हरकत नव्हती.

रूथताई, तुमचे पाळक जे बोलले ते मी अठरा वर्षं बोलत होतो. मयताच्या घरी, दवाखान्यात, करोनात तर फोनवर. बायबलातलं स्तोत्र २३ मला उलटं म्हणता येईल इतक्यांदा वाचलंय. मग माझा मुलगा गेला, बाराव्या वर्षी, तापानं, चार दिवसांत. तेव्हा चाळीसभर लोक येऊन मला माझीच वाक्यं सांगून गेले. देवाला फुलं आवडतात. तो जास्त चांगल्या जागी आहे. देवाची योजना. मी मान हलवत होतो आणि आत मला त्यांच्यातल्या एकेकाला उचलून बाहेर टाकावं वाटत होतं. पाळक असून.

आमच्या गल्लीच्या तोंडाला एक पंक्चरवाले चाचा आहेत. पोराची सायकल त्यांच्याकडं दुरुस्तीला होती, चेन आणि मागचा ब्रेक. पंधरा-वीस दिवसांनी ते दारात आले, आत आले नाहीत, उंबऱ्यापाशी उभं राहून म्हणाले, "फादर, सायकल तयार आहे. अभी लाऊं का अजून ठेवू माझ्याकडं?" मी म्हणलं ठेवा. ते गेले. दर दोन-तीन महिन्यांनी हवा भरून पुसून ठेवायचे, हे मला नंतर त्यांच्या पोरानं सांगितलं. चौदा महिन्यांनी मी जाऊन आणली. त्यांनी चेनचे पैसे घेतले, बरं का. साठ रुपये. घेतले नसते तर मला जास्त त्रास झाला असता, का ते सांगता येत नाही.

बायबलात ईयोब म्हणून लेकरंबाळं, सगळं गमावलेला एक माणूस आहे, त्याचे तीन मित्र आहेत, सगळे त्या मित्रांना शिव्या देतात. पण त्यांनी एक गोष्ट बरोबर केली होती. ते आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, कुणी एक शब्द बोललं नाही. आठव्या दिवसापासून तोंड उघडलं आणि पुढचे वीस-बावीस अध्याय घोळ घालत बसले. मी आता नव्या पाळकांना एवढंच सांगतो, तुमचा आठवा दिवस जितका लांबवता येईल तितका लांबवा.

बिनधास्त_बाळू

आज जोक नाही.

जुनं_जालना

पाळकसाहेब, एक शंका. बायबलातल्या चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत, वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला तो उचलतो त्या, मला नेहमी शेवटची ओळ आवडते आणि तिच्यावर कुणी बोलत नाही. तो जखमा बांधतो, तेल आणि द्राक्षारस ओततो, आपल्या जनावरावर घालून खानावळीत नेतो, हे सगळे सांगतात. पण दुसऱ्या दिवशी दोन दीनार देतो आणि म्हणतो, जास्त लागलं तर मी परत येईन तेव्हा देईन. म्हणजे तो परत येणार होता. आपल्या गाड्या परत येत नाहीत, हा खरा घोळ आहे.

लातूरचा_पाळक

रविवारी वापरतो हे. नाव सांगणार नाही तुमचं, सालारजंगाचं सांगतो.

कळंबचा_बारदाना

सगळं खरंय पण एक व्यवहाराचं बोलू का. आमच्या गावात सप्टेंबरात किट आले, गहू-तांदूळ-साबण. आता डिसेंबर आहे. रब्बीला बियाणं कुणाकडंय? खरडलेल्या रानात गाळ कोण टाकणार, एका ट्रॅक्टरला काय भाव आहे माहीत आहे का. मंडळी, मठ, पक्ष, ज्यांना कुणाला धीर द्यायचाय त्यांनी आता या. आता गाड्या येईनात.

उदगीरची_पोरगी

हे सगळ्यात खरं लिहिलंय.

रूथ_अंबाजोगाई

सगळ्यांना उशिरा उत्तर देतेय, माफ करा. दोनदा जाऊन आले.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर एसटीनं गेले, एकटीच. ती अंगणात सोयाबीन निवडत होती. जे काही पोतं दीड पोतं पाण्यातून काढलं होतं त्याला मोड आलेले, काळे पडलेले दाणे वेगळे काढत होती. मी आशाताईंचं ऐकलं, सूप ओढून घेतलं आणि बसले. सासू म्हणाली मॅडम तुमची साडी, मी म्हणलं राहू द्या. तास दीड तास झाला असंल. बोटं काळी झाली. ती एवढंच बोलली की म्हशीला चंपी म्हणायचे आणि ती दाव्याला बांधलेलीच राहिली, सोडायला वेळ मिळाला नाही त्यांना, आणि ते त्यांच्या मनातून गेलंच नाही. मी मान वर केली नाही.

दुसऱ्यांदा परवा गेले. तिनं मला एक विचारलं आणि मला उत्तर आलं नाही. म्हणाली, "तुमच्यात असा माणूस गेला, स्वतःहून, तर तुमच्या कब्रस्तानात जागा देतात का?" गावात कुणीतरी तिला म्हणालं होतं की अशा माणसाला गती मिळत नाही. ती त्यावर इतके दिवस झोपलेली नाही. मी म्हणलं विचारून सांगते. पाळककाका, तुम्हांलाच विचारते. खरं काय ते सांगा, गोड करून नको.

लातूरचा_पाळक

खरं सांगतो. पूर्वी नाकारायचे. कॅथलिकांच्या १९१७ च्या नियमांत अशांना चर्चचा अंत्यविधी नव्हता, १९८३ ला नवे नियम आले त्यात ते कलम ठेवलं नाही. आम्हां प्रॉटेस्टंटांच्या जुन्या प्रार्थनापुस्तकातही तो विधी अशांसाठी नाही असं छापलेलं होतं. आणि गावोगावच्या मंडळ्यांत कागदापेक्षा माणसं कडक होती, कुंपणाच्या बाहेर पुरलेली उदाहरणं म्हाताऱ्यांना आठवतात.

मी स्वतः दोघांना माती दिली आहे, कुंपणाच्या आत, रांगेत. एकदा पंचांपैकी दोघं उठून गेले, गेले तर गेले.

आणि तिला हे सांगा. बायबलातला शौल राजा स्वतःच्या तलवारीवर पडून मेला. त्याचं प्रेत शत्रूंनी भिंतीला टांगलं. याबेश-गिलादचे लोक रातोरात चालत गेले, ते काढून आणलं, अस्थी झाडाखाली पुरल्या आणि सात दिवस उपास केला. एका ओळीतही असं नाही की याला गती नाही. त्या गावाला त्यानं एकदा संकटात वाचवलं होतं, ते त्यांनी लक्षात ठेवलं, बास.

तिला बायबल वाचून दाखवू नका, तिनं मागितलं नाही. फक्त सांगा, की जागा देतात.

परळीचा_टाळकरी

आणि माझ्याकडून सांगा की आमच्यातही गती नाही म्हणणाऱ्याचं ऐकायचं नसतं. त्यांना म्हणावं, टाळकरी बाबा म्हणाले.

रूथ_अंबाजोगाई

सांगते. दोघांचंही सांगते.

आशाताई, शेत सासऱ्याच्याच नावावर निघालं, तुम्ही म्हणलात तसंच. सोसायटीचं कर्ज मात्र नवऱ्याच्या नावावर आहे. पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट अजून मिळाला नाही. आणि अनुदानाच्या ई-केवायसीला सासऱ्याचा अंगठाच लागत नाही, बोटं घासून गेलीत. सोमवारी रजा टाकून त्यांना घेऊन तालुक्याला जायचंय.

पाटोदा_आशा

अंगठा लागत नसंल तर डोळ्याचं मशीन असतं काही ठिकाणी त्यावर होतं, सगळ्या सेंटरला नसतं आधी फोन करून विचारा. कर्जाचा दाखला सोसायटीच्या सचिवाकडून घ्या शिक्का मारून घ्या नुसती सही चालत नाही. आणि म्हाताऱ्याला सकाळी काही तरी खाऊ घालून न्या तिथं चार वाजतात.

कळंबचा_बारदाना

सोमवारी सर्व्हर बंद असतो बहुतेक वेळा. मंगळवारी जावा.